मेदाम्ल-चयापचयाच्या आनुवंशिक विकारांसाठी उंदीर-मॉडेल: निवडीपासून नमुन्यांपर्यंत, क्रमाने

या विषयावरचे प्रयोग-आराखडे वाचताना एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. माणसातल्या आजाराला ज्या एन्झाइमचं नाव, त्याच एन्झाइमचा नॉकआउट उंदीर (म्हणजे त्या एन्झाइमचं जनुक निकामी केलेला उंदीर) मागवला जातो आणि मॉडेल जुळलं असं मानलं जातं. मग पोटभर खाल्लेल्या, घोळक्यात उबेला बसलेल्या उंदरांचं रक्त काढलं जातं. फरक काहीच दिसत नाही, आणि वर्षभराच्या कामानंतर ‘मॉडेल निकामी आहे’ असा शेरा पडतो. मॉडेल बहुतेक वेळा ठीक असतं. चुकलेला असतो तो कामांचा क्रम.

मेदाम्लांचं (फॅटी अॅसिडचं) ऑक्सिडेशन, म्हणजे ती जाळून ऊर्जा काढणं, शरीराला लागतं ते ग्लुकोज संपत आल्यावर: उपवासात, थंडीत, तापात, दीर्घ श्रमात. त्यामुळे बिघाडही ताण दिल्यावरच उघडा पडतो. हा ताण किती, कधी आणि कोणत्या प्राण्यांना द्यायचा, तो दिलेला असताना काय मोजायचं, आणि प्राण्याचे हाल होऊ न देता कुठे थांबायचं, हे पुढे टप्प्याटप्प्यानं मांडलं आहे. टप्पे उलटेपालटे करू नका. पहिल्या चार टप्प्यांतली चूक पुढे कुठलंही महागडं यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘व्हीएलसीएडी कमतरतेचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही (व्हीएलसीएडी हे लांब कार्बन-साखळीची मेदाम्लं फोडणारं एन्झाइम). ‘उपवासात यकृताची ग्लुकोज टिकवण्याची क्षमता का ढासळते?’ हा प्रश्न आहे. ‘हृदयाची लय का बिघडते?’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि ‘अमुक औषधानं उरलंसुरलं एन्झाइम वाढतं का?’ हा तिसरा. तिन्हींसाठी प्राणी वेगळा लागू शकतो, ताण वेगळा लागतो आणि ऊतकही वेगळं लागतं.

वाक्य लिहून झालं की खाली तीन ओळी लिहा: कोणतं ऊतक, कोणता ताण, कोणतं मुख्य मोजमाप. मुख्य मोजमाप एकच ठेवा. बाकीची दुय्यम.

## टप्पा २: जैवरसायन पाहून मॉडेल निवडा

सर्वाधिक वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे.

लांब साखळीचे विकार. माणसाच्या यकृत, हृदय आणि स्नायूंत लांब साखळीच्या मेदाम्लांची पहिली पायरी मुख्यतः व्हीएलसीएडी हे एन्झाइम पार पाडतं. उंदरात त्याच्या जोडीला एलसीएडी हे त्याच कुळातलं एन्झाइम जोरात काम करतं. माणसाच्या या अवयवांत एलसीएडी फारच कमी असतं, आणि एलसीएडी कमतरता नावाचा सिद्ध झालेला मानवी आजार नाही. परिणाम असा की व्हीएलसीएडी काढून टाकलेला उंदीर बराच सावरतो, कारण एलसीएडी त्याची बाजू सांभाळतं. १९९८ साली वर्णन झालेला एलसीएडी नॉकआउट मात्र उपवासात ग्लुकोज गमावतो, त्याच्या यकृतात आणि हृदयात मेद साठतो, थंडी त्याला सोसत नाही, आणि काही प्राणी अचानक मरतात. म्हणजे माणसातल्या व्हीएलसीएडी कमतरतेचं उपवासातलं चित्र हवं असेल तर एलसीएडी नॉकआउट अधिक जवळचा ठरतो. व्हीएलसीएडी नॉकआउट निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. हृदयाच्या लयीचे प्रश्न, आहाराचे दीर्घकालीन परिणाम, उपवास आणि थंडी एकत्र दिल्यावरचं वर्तन यांसाठी तो वापरला गेला आहे. मात्र नुसत्या छोट्या उपवासावर त्याच्याकडून मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नका.

मध्यम साखळी. मध्यम साखळीची मेदाम्लं फोडणाऱ्या एमसीएडी या एन्झाइमचा नॉकआउट २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दूध तुटण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक पिल्लं दगावत होती. जगलेले प्राणी उपवासानंतर थंडीत तापमान टिकवू शकत नव्हते. एक फरक आधीच लक्षात ठेवा: माणसात या विकाराची खूण म्हणजे ऑक्टॅनॉइलकार्निटाइन, म्हणजे सी८: आठ कार्बनांचं एसिलकार्निटाइन. (कार्निटाइन मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात नेतं; मेदाम्ल आणि कार्निटाइनची जोडी म्हणजे एसिलकार्निटाइन.) उंदरात ठळकपणे वर येतं ते सी१०:१, म्हणजे दहा कार्बन आणि एक दुहेरी बंध असलेलं. फक्त सी८वर नजर ठेवणारा अहवाल मागवलात तर खरा संकेत हातातून निसटेल.

छोटी साखळी. बाल्ब/सीबायजे या उंदरांच्या उपवंशात एससीएडीचं (छोट्या साखळीच्या एन्झाइमचं) जनुक निसर्गतःच बिघडलेलं आहे. जनुकातला २७८ बेसचा तुकडा गळाला आहे. मूत्रात इथाइलमॅलोनिक आम्ल आणि रक्तात ब्युटिरिलकार्निटाइन वाढतं. माणसात एससीएडी कमतरता बहुतेक वेळा लक्षणांविना असते, म्हणून या उंदरावरून रुग्णाच्या लक्षणांबद्दल मोठी विधानं करू नयेत.

कार्निटाइन वाहक. जेव्हीएस नावाचा उंदीर १९८८ साली जपानमध्ये वर्णिला गेला. त्यात कार्निटाइन पेशीत आणणारा ओसीटीएन२ हा वाहक बिघडलेला असतो. कार्निटाइन मूत्रावाटे निघून जातं आणि लहान वयातच यकृत मेदानं भरतं. हे प्राणी जगवायला कार्निटाइन द्यावं लागतं. ते कधी सुरू केलं, कधी थांबवलं आणि शेवटच्या मात्रेनंतर किती तासांनी नमुना घेतला, याची नोंद नसेल तर आकडे वाचता येत नाहीत.

जन्माआधी किंवा जन्मताच मरणारे. मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात नेण्याच्या कामातलं एन्झाइम म्हणजे सीपीटी१ए; त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या तर गर्भ जगत नाही. लांब साखळी फोडण्याच्या पुढच्या पायऱ्या करणाऱ्या ट्रायफंक्शनल प्रोटीनच्या अल्फा उपघटकाचा नॉकआउट जन्मल्यावर ६ ते ३६ तासांत मरतो. प्रौढ प्राण्यावरचा प्रश्न असेल तर इथे एकच प्रत बिघडलेले प्राणी, एका अवयवापुरता नॉकआउट किंवा नंतर चालू करता येणारा नॉकआउट, हेच पर्याय उरतात.

⚠ सावध: एका अवयवातला बिघाड म्हणजे संपूर्ण शरीराचा आजार नव्हे. फक्त यकृतातलं सीपीटी२ (सीपीटी१एच्या जोडीचं एन्झाइम) काढलेले उंदीर २४ तासांचा उपवास आश्चर्यकारकरीत्या सोसतात, पण किटोजेनिक (मेद भरपूर, कर्बोदकं अगदी कमी अशा) आहारावर तगत नाहीत. बाकीचं शरीर यकृताची उणीव भरून काढतं. रुग्णात मात्र सगळेच अवयव एकदम अडचणीत असतात.

औषध तपासायचं असेल तर. नॉकआउटमध्ये ते प्रथिन तयारच होत नाही. त्यामुळे बिघडलेल्या प्रथिनाची घडी सावरणारं किंवा उरलेलं एन्झाइम वाढवणारं औषध तिथे तपासताच येत नाही. त्यासाठी रुग्णातला बदल जसाच्या तसा बसवलेला नॉक-इन उंदीर हवा. नॉकआउटमध्ये अशा औषधानं काही सुधारलं तर ते दुसऱ्या वाटेनं घडलं असं समजा आणि ती वाट शोधा.

झेब्रामाशातही ईटीएफ साखळीतले (या एन्झाइमांकडून इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या प्रथिनांतले) जनुक-बदल उपलब्ध आहेत आणि अनेक एसिल-सीओए डीहायड्रोजिनेज एन्झाइमं (व्हीएलसीएडी, एमसीएडी ही याच कुळातली) एकदम अडकतात त्या विकारासाठी ते उपयोगी पडतात. पारदर्शक अळ्या आणि मोठी संख्या हा त्यांचा फायदा. पण अळी आधी पीतकावर, म्हणजे अंड्यातल्या बलकावर जगते, म्हणून उपवासाचे प्रश्न तिथे तसेच्या तसे नेता येत नाहीत.

## टप्पा ३: वंश-पार्श्वभूमी तपासा

नियंत्रण गट बाहेरून मागवलेला ‘तसाच काळा उंदीर’ असेल तर काम इथेच थांबवा.

सी५७ ब्लॅक/६जे या उपवंशात एनएनटी नावाच्या जनुकाचा काही भाग गळालेला आहे, तर ६एनमध्ये तो शाबूत आहे. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातल्या एनएडीपीएच या संरक्षक रेणूच्या पुरवठ्याशी जोडलेलं आहे, आणि तुमचा अभ्यासही मायटोकॉन्ड्रियाचाच आहे. नॉकआउट ६एन पार्श्वभूमीवर आणि नियंत्रण गट ६जेचा असेल, तर दिसणारा फरक कोणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. बाल्ब/सीचं तर याहून अवघड. बाल्ब/सीबायजे स्वतःच एससीएडी-बाधित असताना तो ‘सामान्य’ म्हणून वापरला तर नियंत्रण गटच आजारी निघतो. एससीएडीच्या अभ्यासात बाल्ब/सीजे हा नियंत्रण घेतात, पण तो निव्वळ उपवंश-तुलनेचा पर्याय आहे. जमल्यास संकर करून एकाच वेतातली भावंडं वापरा.

करायचं ते इतकंच: मूळ वंशाचं पूर्ण नाव मिळवा, किती पिढ्या मागे संकर केला ते विचारा (सर्वसाधारणपणे दहा पिढ्यांची अपेक्षा असते), एनएनटीसाठी स्वतः एकदा पीसीआर (जनुकाचा भाग शाबूत आहे का ते दाखवणारी चाचणी) करा, आणि एक प्रत बिघडलेल्या नर-मादीच्या जोडीतून येणारी भावंडंच गटांत ठेवा.

✔ तपासणी: तुमच्या यादीतल्या प्रत्येक बाधित प्राण्यासमोर त्याच वेतातल्या निरोगी भावंडाचा क्रमांक लिहिता येतो का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: प्रजननात हरवणारी पिल्लं मोजा

एक प्रत बिघडलेल्या जोडीतून चारातलं एक पिल्लू पूर्ण बाधित असावं. दूध तुटताना तुम्हाला त्याहून बरीच कमी दिसली तर काही गर्भातच किंवा जन्मानंतर लगेच गेली. एलसीएडी नॉकआउटमध्ये गर्भातच काही पिल्लं गळतात, व्हीएलसीएडीमध्ये हे दिसत नाही. दोन्ही एन्झाइमांतला फरक यातूनही कळतो.

हे मोजायचं कारण फक्त हिशोब नाही. तीन आठवड्यांनी तुमच्या हाती आलेली बाधित पिल्लं ही त्यातली सर्वांत तगडी आहेत. गेलेल्यांची नोंद न ठेवता उरलेल्यांवरून आजाराची तीव्रता ठरवली तर ती नेहमी सौम्यच दिसणार. म्हणून जन्माच्या दिवशी वेत मोजा, मेलेल्या पिल्लांचंही जीनोटायपिंग (जनुकाच्या किती प्रती बिघडल्या आहेत याची तपासणी) करा, आणि दूध तुटताना पुन्हा मोजा. आई वारंवार त्रस्त होईल अशी उचलाउचल मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत टाळा.

उंदरिणीचं दूध मेदानं समृद्ध असतं. पिल्लाचे दूध पिण्याचे दिवस म्हणजे मेद जाळायचीच कसोटी असते. आई स्वतः बाधित असेल तर दूध, गर्भावस्था आणि पिल्लांची निगा या तिन्हींवर परिणाम होतो. एकाच प्रयोगात काही पिल्लं बाधित आईची आणि काही निरोगी आईची, असं चालणार नाही.

## टप्पा ५: परवानगी आणि थांबण्याचे निकष

प्राणी-नैतिकता समितीकडे जाण्याआधी थांबण्याचे निकष आकड्यांत लिहा. ‘प्राणी आजारी दिसल्यास’ हे पुरेसं नाही. पशुवैद्यकाशी बसून असे निकष ठरवता येतात: शरीराचं तापमान २८ अंश सेल्सियसखाली, रक्तातलं ग्लुकोज ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली, वजनात २० टक्के घट, किंवा पाठीवर ठेवल्यावर स्वतःहून न उलटणं. यातलं एकही घडलं की चाचणी त्या प्राण्यासाठी संपली. मृत्यू हे मोजमाप म्हणून ठेवू नका. त्यातून जी माहिती मिळते ती तापमान आणि ग्लुकोजच्या वक्रातून आधीच मिळालेली असते, आणि प्राण्याला भोगाव्या लागणाऱ्या यातना मात्र खऱ्या असतात.

वाचवण्याची सामग्री आधी तयार ठेवा: ३० अंशांची उबदार पेटी, कोमट केलेलं १० टक्के ग्लुकोज (पोटाच्या पोकळीत, किलो वजनामागे १ ते २ ग्रॅम), आणि ओलं मऊ खाद्य. दिव्याखाली थेट शेकवू नका. निपचित प्राण्याला चटका बसलेला कळत नाही.

## टप्पा ६: पंधरवडाभर आधी राहणी सारखी करा

उंदराला आरामदायक वाटणारं तापमान सुमारे ३० अंश असतं. आपल्या प्राणीगृहांत २० ते २२ अंश असतात. म्हणजे तुमचा ‘सामान्य’ उंदीर कायमच हलक्या थंडीच्या ताणाखाली आहे आणि उब टिकवायला मेद जाळतो आहे. हा ताण नको असेल तर प्राणी ३० अंशांवर ठेवा. हवा असेल तर तसं लिहा. पण गटागटांत बदलू देऊ नका.

एका पिंजऱ्यात किती प्राणी, घरटं बांधायला किती कापूस, कोणता भुसा, फडताळाच्या वरच्या कप्प्यात की खालच्या, हे सगळं जुळवा. एकटा उंदीर आणि चौघं बिलगून बसलेले उंदीर यांचा ऊर्जाखर्च वेगळा असतो. खाद्य एकाच खेपेचं वापरा आणि त्यातल्या मेदाचा प्रकार नोंदवा.

नर आणि मादी दोन्ही घ्या, पण वेगवेगळे वाचा. व्हीएलसीएडी नॉकआउटवर मध्यम साखळीचा मेद दीर्घकाळ दिल्यावर माद्यांत नरांपेक्षा वेगळे आणि जास्त वाईट परिणाम दिसले आहेत. दोन्ही लिंगांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली असती तर हे दडून गेलं असतं.

## टप्पा ७: उपवास-चाचणी

उंदीर रात्री खातो. दिवसा तो तसाही फार खात नाही. म्हणून प्राणीगृहातले दिवे लागल्यानंतरचा, म्हणजे दिवसाचा, ४ ते ६ तासांचा उपवास सौम्य असतो, आणि रात्रभराचा १४ ते १६ तासांचा उपवास फार तीव्र. रात्रभरात यकृतातलं ग्लायकोजेन जवळपास संपतं आणि वजनात मोठी घट होते. माणसाचा ‘रात्रीचा उपवास’ डोक्यात ठेवून उंदराला रात्रभर उपाशी ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. तेवढ्याच तासांत उंदराच्या शरीरात खूप जास्त घडतं.

गट चार हवेत: निरोगी खाल्लेले, निरोगी उपाशी, बाधित खाल्लेले, बाधित उपाशी. निरोगी उंदराच्या यकृतातही उपवासात मेद साठतो. चौथाच गट पाहून ‘यकृत मेदयुक्त झालं’ म्हणणाऱ्याला हे कळणारच नाही.

क्रम असा ठेवा.

१. आधी छोट्या गटावर ६ तासांची चाचणी घ्या. तापमान आणि ग्लुकोज दर तासाला नोंदवा. त्यावरून मुख्य चाचणीचे तास ठरवा.

२. चाचणीच्या दिवशी प्रत्येक प्राण्याचं वजन घ्या आणि त्याला स्वच्छ पिंजऱ्यात हलवा. भुशात खाद्याचे कण आणि विष्ठा असते, आणि उंदीर दोन्ही खातो. नुसती खाद्याची जाळी काढणं म्हणजे उपवास नाही. पाणी कायम ठेवा.

३. खाद्य काढण्याच्या वेळा टप्प्याटप्प्यानं ठेवा. एका प्राण्याचा नमुना घ्यायला सहा मिनिटं लागत असतील, तर खाद्यही सहा-सहा मिनिटांच्या अंतरानं काढा. नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या प्राण्यात दीड-दोन तासांचा फरक पडतो.

४. बाधित आणि निरोगी प्राणी आलटून-पालटून घ्या. नमुने घेणाऱ्याला जीनोटाइप माहीत नसावा.

५. दर नोंदीत आधी पिंजऱ्याबाहेरून बघा: हालचाल, बसण्याची ढब, थरथर. त्वचेखाली चिप असेल तर तापमान स्कॅन करा. मग शेपटीच्या टोकातून एक थेंब रक्त, ग्लुकोज आणि किटोनसाठी (किटोन म्हणजे यकृत मेदाम्लांपासून बनवतं ते इंधन). गुदमार्गे तापमान घ्यायचंच असेल तर ते रक्तानंतर, दर वेळी सारख्याच खोलीवर. उचलल्यावर काही मिनिटांत ग्लुकोज आणि तापमान दोन्ही वाढतं, म्हणून हा क्रम मोडू नका.

६. चाचणी संपल्यावर खाद्य परत द्या आणि किमान दोन तास लक्ष ठेवा. काही प्राणी खाद्य समोर असूनही खात नाहीत. त्यांना ऊब आणि ग्लुकोज द्या.

⚠ सावध: उपाशी निरोगी उंदीरही टॉर्परमध्ये, म्हणजे ऊर्जा वाचवणाऱ्या थंड, सुस्त अवस्थेत जातो. त्याचं तापमान ३१ अंशांखाली उतरू शकतं, आणि लहान चणीच्या प्राण्यांत हे लवकर होतं. तापमान उतरणं म्हणजेच मेद-ऑक्सिडेशनचा बिघाड असं लिहू नका. टॉर्परमधला प्राणी उचलल्यावर हळूहळू स्वतःच गरम होऊ लागतो. ऊर्जा संपलेला बाधित प्राणी तसा सावरत नाही.

✔ तपासणी: निरोगी उपाशी गटात मुक्त मेदाम्लं आणि किटोन दोन्ही वाढले आहेत का? नसतील तर उपवास झालाच नाही, आणि बाधित गटाचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

## टप्पा ८: थंडीची चाचणी, हवी असेल तरच

तपकिरी मेद मेदाम्लं जाळून उष्णता तयार करतो. म्हणून थंडी या विकारांवर फार जोरात बोट ठेवते. ४ अंशांची थंडी आणि आधीचा उपवास एकत्र आले तर बाधित प्राण्याचं तापमान काही तासांतच कोसळू शकतं. उपवास-चाचणीनं तुमचा प्रश्न सुटत असेल तर ही चाचणी करू नका.

करायचीच असेल तर त्वचेखालची चिप वापरा, दर १५ मिनिटांनी नोंद घ्या आणि चाचणीभर तिथून हलू नका. प्राणी एकेकटे ठेवा, पिंजरे आधी थंड करून घ्या. घरटं सगळ्यांना द्या किंवा कुणालाच देऊ नका. उपवास-चाचणी झालेल्या प्राण्यांनाच ही चाचणी द्यायची असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या आणि वजन पूर्वपदावर आल्याची खात्री करा.

## टप्पा ९: नमुने

चांगल्या चाचणीची माती बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांत होते.

भूल. झायलाझिन रक्तातलं ग्लुकोज वाढवतं. आयसोफ्लुरेनही ग्लुकोजमध्ये ढवळाढवळ करतं. प्रोपोफॉल लांब साखळीच्या मेदात मिसळलेलं असतं, ते इथे नकोच. कार्बन डायऑक्साइडनं मृत्यू दिला तर ऊतकं प्राणवायूविना राहतात आणि लॅक्टेट व एसिल-सीओएचे आकडे बदलतात. चयापचयाचे नमुने हवे असतील तर समितीनं मान्य केलेली जलद पद्धत निवडा, आणि तीच सगळ्यांना वापरा.

रक्त. जिवंत प्राण्यातून एका वेळी एकूण रक्ताच्या १० टक्क्यांहून जास्त काढू नका. २५ ग्रॅमच्या उंदरात ते ०.२ मिलिलिटरच्या आतच बसतं. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी बर्फात ठेवा, लवकरात लवकर थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, प्लाझ्मा लगेच गोठवा. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या नळीत मेद फुटत राहतो आणि मुक्त मेदाम्लं खोटी वाढलेली दिसतात.

ऊतकं. यकृत आणि हृदय द्रवरूप नायट्रोजनमध्ये आधीच थंड केलेल्या चिमट्यात दाबून काही सेकंदांत गोठवा. कोणता अवयव आधी, हे टप्पा १ मधल्या ओळीवरून ठरवा आणि प्रत्येक प्राण्यात तोच क्रम ठेवा. मायटोकॉन्ड्रियाचा श्वसन-वेग मोजायचा असेल तर ऊतक ताजं लागतं, म्हणून त्यासाठी वेगळे प्राणी राखून ठेवा.

⚠ सावध: मेदासाठी ऑइल रेड ओ हा रंग वापरणार असाल तर ऊतक पॅराफिनमध्ये बसवू नका. त्या प्रक्रियेतली द्रावणं मेदच धुऊन टाकतात. गोठवलेले काप घ्या.

कागदावरचं सुकं रक्त आणि प्लाझ्मा यांतले एसिलकार्निटाइनचे आकडे एकमेकांशी तोलू नका. रक्तपेशींतलं एसिलकार्निटाइन कागदावर येतं, प्लाझ्मात येत नाही. कागद पूर्ण सुकू द्या, ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात गोठवा. ओल आणि उष्णतेत एसिलकार्निटाइन तुटून मुक्त कार्निटाइन बनतं.

## टप्पा १०: आकडे वाचणं

मुक्त मेदाम्लं वर आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट (मुख्य किटोन) खाली, ही जोडी बघा. एकेकटा आकडा फसवतो. दोन्हींचं गुणोत्तर प्रत्येक प्राण्यासाठी काढा. याला एक ठळक अपवाद आहे: एचएडीएच या जनुकाच्या बिघाडात इन्सुलिन नको तितकं स्रवतं, म्हणून ग्लुकोज उतरतं पण मुक्त मेदाम्लंही वाढत नाहीत. अशा मॉडेलमध्ये इन्सुलिन मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

एसिलकार्निटाइनमध्ये लांब साखळीच्या बिघाडांत सी१४:१ आणि आजूबाजूच्या साखळ्या पाहा. सी४चं शिखर सावधपणे वाचा: ब्युटिरिलकार्निटाइन आणि आयसोब्युटिरिलकार्निटाइन यांचं वस्तुमान सारखंच असतं, आणि आधी क्रोमॅटोग्राफीनं वेगळं केल्याशिवाय टँडम मास स्पेक्ट्रोमीटर ते सांगू शकत नाही. मुक्त कार्निटाइन सोबत मोजाच. ते फारच खाली गेलं असेल तर एसिलकार्निटाइन तयार व्हायलाच कच्चा माल उरत नाही, आणि तीव्र बिघाड सौम्य भासतो.

पेशींवर ईटोमोक्सिर (सीपीटी१ रोखणारं रसायन) वापरून दुजोरा घेणार असाल तर मात्रा कमी ठेवा. जुन्या पद्धतींतल्या २०० मायक्रोमोलरसारख्या मात्रांना ते श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलालाही अडवतं.

## टप्पा ११: आहार किंवा औषध तपासताना

नियंत्रण आहार म्हणजे नेहमीचं खाद्य नव्हे. तपासायच्या आहारातला फक्त मेद बदला. प्रथिनं, तंतू, एकूण कॅलरी सारख्या ठेवा. मध्यम साखळीचा मेद लांब साखळीच्या बिघाडात अडलेली पायरी टाळतो, पण एमसीएडी कमतरतेत तोच नेमका अडलेल्या पायरीवर जाऊन पडतो. लांब साखळीच्या विकारांसाठी अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेलं ट्रायहेप्टॅनॉइन सात कार्बनांचं असल्यानं त्यातून प्रोपिओनिल-सीओएही मिळतं, आणि ते सिट्रिक आम्ल चक्राला भर घालतं. त्याची तुलना सम कार्बनांच्या मध्यम साखळीच्या मेदाशी करा. तसं केल्याशिवाय ही भर वेगळी दिसत नाही.

बेझाफायब्रेटसारख्या औषधांना उंदराचं यकृत माणसापेक्षा फार तीव्र प्रतिसाद देतं, पेरॉक्सिसोम वाढतात आणि यकृत मोठं होतं. यकृताचं वजन नोंदवा. जनुकोपचार करत असाल तर ज्या उंदराच्या शरीरानं ते प्रथिन कधी पाहिलंच नाही, त्याची रोगप्रतिकारशक्ती ते परकं समजू शकते, म्हणून प्रतिपिंडं मोजा.

## टप्पा १२: हिशोब आणि लेखन

आईच्या खाद्यातून उपचार दिला असेल तर मोजणीचा एकक वेत आहे, पिल्लू नाही. एका आईची आठ पिल्लं आठ स्वतंत्र निरीक्षणं धरली की फरक नसताना फरक ‘सिद्ध’ होतो. उपचार पिंजऱ्याला दिला असेल तर एकक पिंजरा. बाकी ठिकाणी वेत आणि पिंजरा हे घटक विश्लेषणात घ्या.

थांबण्याच्या निकषामुळे बाहेर काढलेला प्राणी ‘नमुना मिळाला नाही’ म्हणून गाळू नका. तो सर्वाधिक बाधित होता. निकष गाठायला लागलेला वेळ हेच त्याचं मोजमाप, आणि ते जगण्याच्या-वेळेच्या विश्लेषणात बसतं.

प्राणी-प्रयोगांचं लेखन कसं असावं हे सांगणाऱ्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांची २०२० सालची आवृत्ती समोर ठेवून पद्धत-विभाग लिहा. त्यात न मागताही या गोष्टी टाका: उपवंशाचं पूर्ण नाव आणि एनएनटीची स्थिती, आईचा जीनोटाइप, खोलीचं तापमान, पिंजऱ्यातली संख्या, खाद्यातल्या मेदाचा प्रकार, दिवे लागण्याची आणि खाद्य काढण्याची वेळ, उपवासाचे नेमके तास, मृत्यू देण्याची पद्धत, रक्त काढल्यापासून गोठवेपर्यंत गेलेली मिनिटं, आणि जन्मापासून नमुन्यापर्यंत प्रत्येक जीनोटाइपचे किती प्राणी कुठे गळाले.